कितवा खेटा?

पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकताना 'खेटे = खेटे + १' असं मी पहिल्यांदा वहीत लिहिलं, तेव्हा शाळेतलं बीजगणित आडवं आलं. दोन्हीकडून खेटे वजा केले तर शून्य बरोबर एक उरतो. हे कसं चालेल?

उलगडा झाला तो माघातल्या एका रविवारी. पहाटेच आईबरोबर कोल्हापुरातून अनवाणी निघाले होते. पंचगंगा ओलांडायची, वडणगे, निगवे मागे टाकायचं आणि कुशिऱ्याकडून जोतिबाचा डोंगर चढायचा. हिमालयाकडे परत निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई अशीच अनवाणी गेली, म्हणून हे खेटे. चढावर एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कितवा खेटा गं?"

"गेल्या रविवारी दोन झाले. आज वर पोचलो की तीन," आई म्हणाली.

मी चालता चालता थबकले. आधी उजवी बाजू: झालेले दोन, त्यात एक. मग आलेल्या तिनाला 'खेटे' हे नाव. ते '=' चिन्ह तुलना करतच नव्हतं, नाव ठेवत होतं. चल म्हणजे डबा, असं शिकवतात. पायथनपुरती मला चिठ्ठी जास्त पटते. दोन हा आकडा पुसला जात नाही, चिठ्ठी तेवढी तिनावर जाते. आणि हे नाव पायथनमध्ये देवनागरीतही लिहिता येतं, याचा मला फार आनंद आहे. बेरजेतला आकडा मात्र इंग्रजीच लागतो.

पाच रविवार, तीच वाट, तोच चढ. फॉर लूपला 'रेंज' पाच सांगितली की तो शून्य ते चार मोजतो. हे शून्य मला परकं वाटायचं. पण पहिल्या रविवारी उंबरा ओलांडताना आईच्या गाठीशी किती खेटे असतात? शून्यच.

व्हाइल लूपमध्ये मोजणी आपल्या हाती. खेटे पाचापेक्षा कमी असेपर्यंत चालायचं, आणि त्या चालण्याच्या ओळी चार जागा आत सरकवायच्या. त्या आठवड्यात एक वाढवण्याची ओळ माझ्याकडून बाहेरच राहिली होती. दर्शन होत होतं, मोजणी शून्यावरच होती. पडद्यावर 'चांगभलं' धावत सुटलं, ते कंट्रोल-सी दाबेपर्यंत.

राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेल्या देवळात गुलालाने माखून आम्ही उतरलो. पायथ्याशी आईनं माझ्या खांद्याला धरून तळव्यातला काटा काढला.

"किती राहिले गं?"

"दोन."