परतीची वायर

इलेक्ट्रिक गाडीत एवढी मोठी बॅटरी असते, मग तिचे दिवे लुकलुकतातच कशाला? गेल्या पावसाळ्यात आमच्या मळमड्डीच्या घरात आठवडाभर याच प्रश्नाचा खल चालला होता. गाडी आत्याची. ती हुबळीच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि महिन्यातल्या दहा-बारा रात्री तिची नाईट असते. धारवाडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. त्यात जाताना दोन्ही हेडलाइट मध्येच मंद व्हायचे, थरथरायचे, पुन्हा नीट व्हायचे. समोरून ट्रक येताना असं झालं की पोटात गोळा येतो, असं ती म्हणायची.

सर्व्हिस सेंटरने दोन्ही दिवे पूर्ण बदलायला सांगितलं, खर्च पाच आकडी. मग घरात वेगळाच सूर निघाला, "नाईट सोडून दे की गं, हवीय कशाला ती?" आत्या काही बोलली नाही. गाडी तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली, आणि नाईटचं कामही तिला मनापासून आवडायचं.

आजोबा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. डब्यांतले दिवे-पंखे हे त्यांचं खातं. २००१ मध्ये बेंगळुरूची रेवा आली तेव्हा तिला 'खेळणं' म्हणणारे हेच! पण आता म्हणाले, "डबा असो की गाडी, आपण कशात बसलोय हे दिव्याला कुठे कळतं? मीटर आण."

आधी एक ताकीद मिळाली. बॉनेटखालच्या नारिंगी केबलींना हात लावायचा नाही. तो शेकडो व्होल्टचा मामला आहे, आणि तो प्रशिक्षित माणसाचाच. पण हेडलाइट त्या मोठ्या बॅटरीवर थेट चालत नाहीत. ते चालतात १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. पेट्रोलच्या गाडीत तिला अल्टरनेटर चार्ज करतो. इथे डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून थोडी वीज १२ व्होल्टच्या कामाजोगी करून देतो.

शेजारच्या अण्णांनी कुंपणावरूनच निदान केलं, "बॅटरी वीक आगेद री." म्हणून पहिली पाळी बॅटरीची. गाडी बंद असताना मीटर १२.६ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी भरलेली. गाडी चालू केली तर १४.१, म्हणजे कन्व्हर्टरही ठीक. मग आजोबांनी दिवे, वायपर आणि पंखा सगळं एकदम लावायला सांगितलं आणि मला बॉनेट हलक्या हाताने दाबायला लावलं. दिवे थरथरले, पण बॅटरीवरचा आकडा तसाच राहिला. आत्या लगेच म्हणाली, "म्हणजे वीज निघतेय, पण मध्येच कुठेतरी अडतेय." रोग्याला तपासावं तशीच ती बघत होती.

आता मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी दिव्याच्या प्लसला लावली. फरक फक्त ०.१ व्होल्ट. जाणारी वाट मोकळी होती. मग दोन्ही तारा मायनसच्या बाजूला लावल्या. आकडा ०.३ वरून २.५ पर्यंत नाचू लागला! हे मोजताना दिवे लागलेलेच हवेत. प्रवाह वाहत असेल तरच अडथळा व्होल्टेज खातो. बारावीत पाठ केलेला ओहमचा नियम मला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

"जाणारी वायर सगळे बघतात, परतीची कुणी बघत नाही," आजोबा म्हणाले. गाडीत परतीची वाट म्हणजे खुद्द गाडीचा लोखंडी सांगाडा. दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी एकाच बोल्टने त्याला जोडलेल्या होत्या. तो बोल्ट डाव्या दिव्याखाली सापडला. त्याच्याभोवती पांढरट-हिरवी बुरशीसारखी साय धरली होती, पावसाच्या पाण्याची कृपा. गाडी बंद केली, छोट्या बॅटरीचा मायनस काढला, बोल्ट सोडवला, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, घट्ट आवळला आणि वरून व्हॅसलिन लावलं. पुन्हा मोजलं तर ०.०५. दिवे समईसारखे स्थिर! खर्च म्हणाल तर पॉलिश पेपरचा.

या गाडीत हॅलोजनचे दिवे आहेत. तुमच्याकडे एलईडी असतील तर एक लक्षात ठेवा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ते लुकलुकताना दिसले तरी घाबरू नका. ते मुळातच फार वेगाने चालू-बंद होत असतात आणि कॅमेरा ते पकडतो. नुसत्या डोळ्यांना थरथर दिसली, तरच तपास सुरू करा. एकच दिवा थरथरत असेल तर त्याच बाजूची वायर बघा; दोन्ही असतील तर दोघांना सामाईक काय आहे ते शोधा.

त्याच रात्री आत्याची ड्युटी होती. पाऊस होताच. नाईट सोडण्याचा विषय कुणी काढला नाही. आजोबा मात्र झोपले नाहीत. साडेनऊला तिचा फोन आला, "पोचले. दिवे एकदाही हलले नाहीत." त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं आणि मीटर पुसून पुन्हा डब्यात ठेवला.