अमावास्येचा चंद्र

आपल्या प्राचीन वैद्यांनीं क्षयास ‘राजयक्ष्मा’ असें नांव कां दिलें, याची कथा चरकसंहितेंत आली आहे. दक्षाच्या कन्यांपैकीं एकट्या रोहिणीवरच चंद्राची प्रीति जडली, इतर भगिनी उपेक्षित राहिल्या आणि श्वशुराच्या कोपामुळें चंद्रास हा रोग जडला. तो नक्षत्रांचा राजा. म्हणून त्याचा रोग तो राजयक्ष्मा. चंद्राच्या कला उणावतात त्या या शापानें आणि पुन्हा वाढतात त्या उःशापानें, असें पुराणिक सांगतात. संस्कृतच्या तासाला ही कथा मीं पुष्कळ वर्षें सांगितली. परंतु तिच्यांतील अमावास्येचें मर्म माझ्या ध्यानांत आलें तें गेल्या वर्षीं, आणि तेंही आमच्याच घरांत. अमावास्येस चंद्र दिसत नाहीं, पण तो आकाशांतून गेलेला नसतो.

आमचें कुटुंब लहानथोर मिळून अकरा माणसांचें आहे. माझ्या थोरल्या वहिनी ७६ वर्षांच्या. त्यांना सायंकाळीं बारीक ताप येऊं लागला, खोकला तीन आठवडे हटेना. थुंकी तपासली तेव्हां क्षय निघाला. औषध लगेच सुरू झालें, परंतु घरांत एकच प्रश्न घुमूं लागला. देवदर्शनाखेरीज वहिनी उंबरा ओलांडीत नाहींत. मग हा रोग घरांत आणला कोणीं? संशय गेला तो स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंवर. नऊ वर्षें त्यांच्या हातचें आम्ही जेवीत आहों. तरी श्रावणांत त्यांना खोकला झाला होता, ही गोष्ट कोणास तरी आठवली, आणि “उद्यांपासून येऊं नका म्हणून सांगून टाकावें,” असें माझे धाकटे बंधु बोलून गेले. सूनबाई मात्र म्हणाल्या, “काका, आधीं त्यांची तपासणी तर होऊं द्या.” तपासणी झाली, बाई निर्दोष ठरल्या. पण संशय हा असा पाहुणा आहे कीं, पुरावा दाखविला तरी तो लगेच उठत नाहीं.

पुढच्या खेपेस डॉक्टरांनीं वहिनींना विचारलें, “लहानपणीं घरांत कोणाला हा आजार होता कां?” वहिनी कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझे वडील यानेंच गेले. मी दहा वर्षांची होतें. त्यांना प्यायचें पाणी मीच नेऊन देत असें.” आमच्या घरांत त्या सून म्हणून आल्याला ५० वर्षांहून अधिक काळ लोटला, इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनीं कोणाजवळ काढली नव्हती. डॉक्टर म्हणाले कीं, शपथेवर सांगतां येत नाहीं, परंतु बहुधा हें त्या वेळचेंच बीज असावें.

म्हणजे ६६ वर्षें! तितका काळ एक जंतु निमूटपणें बसतो तरी कसा? माझी नात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिनें चार संध्याकाळ माझ्याजवळ बसून जें समजावून दिलें, तें माझ्या भाषेंत सांगतों.

क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यानें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केला. १९९८ सालीं त्या जंतूची संपूर्ण जनुकसंहिता वाचून झाली. तींत सुमारें ४४ लक्ष अक्षरें आणि सुमारें चार हजार जनुकें आहेत. हीं सगळीं जनुकें एकाच वेळीं बोलत नाहींत. कोणीं केव्हां बोलावें हें ठरविणारीं कांहीं प्रथिनें असतात, आणि त्यांतील एकाचें नांव आहे ‘डेव्ह-आर’; ‘डॉस-आर’ हें त्याचेंच दुसरें नांव. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत जया त्यागी व त्यांचे सहकारी यांनीं रोगकारक वाणाची व त्याच्याच निरुपद्रवी झालेल्या भाऊबंदाची तुलना करतां करतां याचें जनुक वेगळें काढलें, हें वाचून मला विशेष समाधान वाटलें.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. डेव्ह-आरच्या माळेंत २१७ मणी आहेत. पण ही माळ सरळ लोंबत नाहीं. ती दुमडून तिचे दोन भाग होतात. एक भाग निरोप घेणारा, दुसरा डी.एन.ए.ला धरणारा, आणि दोहोंना जोडणारा मध्यें एक सांधा. निरोप नसतो तेव्हां हे भाग एकमेकांना बिलगून मिटलेले राहतात. ही मिटलेली आकृति संशोधकांनीं स्फटिकांच्या साह्यानें पाहून २००८ सालीं प्रसिद्ध केली.

निरोप आणणारे पहारेकरी दोन आहेत: डॉस-एस आणि डॉस-टी. आपल्या रक्तास लाल रंग देणारा जो लोहयुक्त ‘हीम’, तोच यांच्याही पोटांत आहे. डॉस-टीच्या हीमवर प्राणवायु बसलेला असतो तोंवर तो स्वस्थ असतो. शरीर जंतूभोंवतीं पेशींची गांठ बांधून त्याला कोंडूं लागलें, आंतला प्राणवायु संपत आला, कीं तो जागा होतो. आपल्या संरक्षक पेशी जो नायट्रिक ऑक्साइड वायु सोडतात, त्यानेंही हेंच घडतें. मग पहारेकरी फॉस्फेटचा एक कण डेव्ह-आरच्या ५४ व्या मण्यावर ठेवतो. हनुमंतानें सीतेपुढें ठेवलेल्या मुद्रिकेसारखीच ही खूण. ती मिळतांच मिटलेलें प्रथिन उलगडतें, दोन-दोन रेणु जोडीनें उभे राहतात आणि डी.एन.ए.वरील २० अक्षरांच्या ठराविक जागा पकडतात. गंमत अशी कीं, त्या जागीं दोन्ही सूत्रें आपापल्या दिशेनें वाचलीं तर मजकूर जवळजवळ सारखाच, विलोमकाव्यच म्हणाना! म्हणून जोडीच्या दोन हातांना धरावयास दोन सारख्या मुठी मिळतात.

व्याकरणांत अधिकारसूत्र असतें. तें एकदां उच्चारलें कीं पुढील कित्येक सूत्रांवर त्याची सत्ता चालते. डेव्ह-आरची सत्ता अशीच सुमारें ४८ जनुकांवर चालते. त्यांतील एक जनुक चरबीचा सांठा करविण्याच्या कामीं येतें. जणूं पावसाळ्यापूर्वींची बेगमी. दुसरें जें प्रथिन घडवितें तें आपल्या डोळ्यांच्या भिंगांतील प्रथिनाचें दूरचें नातलग असून, इतर प्रथिनें विस्कटूं नयेत म्हणून त्यांना सांवरतें. जंतूची वाढ थांबते. तो मरत नाहीं, झोपीं जातो. अर्थात् सगळा भार या एकाच प्रथिनावर नाहीं. हा निद्रेचा आरंभ. पुढें दुसरीं जनुकें काम हातीं घेतात. आणि असा जंतु अंगांत असलेल्या शंभरांपैकीं पांच ते दहा जणांनाच आयुष्यांत केव्हां तरी रोग होतो. वार्धक्यानें शरीराचा पहारा सैल झाला, कीं निजलेला उठतो.

हें ज्ञान आमच्या घराच्या दोन ठिकाणीं उपयोगीं पडलें. वहिनींना पंधरा दिवसांतच बरें वाटूं लागलें व त्या म्हणूं लागल्या, “आतां गोळ्या पुरे झाल्या.” मीं त्यांना सांगितलें कीं, आयसोनियाझिडसारखें औषध वाढणाऱ्या जंतूंचें कवच मोडतें, जे निजले आहेत त्यांना तें सहसा सांपडत नाहीं. म्हणून सहा महिने चिकाटी धरावयाची. त्यांनीं ती धरली व त्या बऱ्या झाल्या. दुसरी गोष्ट आमच्या तीन वर्षांच्या पणतूची. त्याला रोग नाहीं अशी खात्री करून डॉक्टरांनीं प्रतिबंधक औषध सांगितलें, तेव्हां त्याच्या आईचा जीव कळवळला. धडधाकट लेकराला औषध कशाला? माझ्या नातीनें तिला शांतपणें सांगितलें, “वहिनी, दिसत नाहीं म्हणजे नाहीं असें या जंतूच्या बाबतींत म्हणतां येत नाहीं.” औषध पूर्ण झालें.

स्वयंपाकाच्या बाई आमच्याकडेच आहेत. धाकट्या बंधूंनीं तोंडानें कांहीं म्हटलें नाहीं. परंतु त्या संक्रांतीला सर्वांआधीं तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला तो यांनींच.

ज्या घरांत वडीलधारीं माणसें आहेत, त्या घरच्या वाचकांस एक विनंती आहे. त्यांना केव्हां तरी निवांतपणें विचारा: माहेरीं, आजोळीं, शेजारीं हा रोग कोणाला होता कां? तीं मंडळी लाजेनें गप्प बसलीं असतील. जें सांगतील तें लिहून ठेवा आणि डॉक्टरांस दाखवा. वहिनींनीं तें एक वाक्य आधींच उच्चारलें असतें, तर एका निरपराध बाईचे तीन आठवडे अपमानांत गेले नसते.