तीन चित्रांचें एक चित्र

दुपारच्या वेळीं माजघरांत उभें राहून अंगणाकडे पाहावें. अंगणांत लख्ख ऊन असतें, माजघरांत काळोख असतो. तरी उन्हांत वाळत घातलेल्या मिरच्या आणि कोनाड्यांतला तांब्या हीं दोन्ही आपणांस दिसतात. डोळ्यांचा हा गुण इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं, त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. उन्हाकडे पाहतांना डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, कोनाड्याकडे वळतांच ती विस्तारते, आणि ह्या दोन दर्शनांचा सांधा मन आपोआप जुळवितें. कॅमेऱ्याचें तसें नाहीं. त्याचें शटर एकदां उघडतें आणि मिटतें. तेवढ्यांत जो प्रकाश आंत शिरेल त्यावरच त्याला सगळें चित्र उभें करावें लागतें. उन्हाला मानवेल इतकाच प्रकाश घेतला तर कोनाडा काळा पडतो. कोनाड्यासाठीं शटर अधिक वेळ उघडें ठेवलें तर अंगणाच्या जागीं कोरा कागद उरतो. अगदीं काळें आणि अगदीं पांढरें ह्यांच्या मधल्या ज्या मर्यादेंत कॅमेऱ्याला तपशील टिपतां येतो, तिला डायनॅमिक रेंज म्हणतात. मी वर्गांत तिला 'प्रकाशाचा पल्ला' म्हणतों.

हा पल्ला अपुरा पडतो ही तक्रार जुनी आहे. ग्युस्ताव्ह ल ग्रे ह्या फ्रेंच छायाचित्रकारानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं चित्रें घेतलीं. त्या काळच्या कांचेच्या ओल्या प्लेटींवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळें लाटा नीट उमटेपर्यंत आकाश धुऊन निघत असे. ल ग्रेनें समुद्रासाठीं एक आणि आकाशासाठीं एक अशा दोन निरनिराळ्या प्लेटी घेतल्या, आणि क्षितिजाच्या रेषेवर सांधा जुळवून त्या एकाच कागदावर छापल्या. सेत येथील मोठ्या लाटेचें त्याचें १८५७ चें चित्र ह्याच युक्तीनें सिद्ध झालें आहे. मात्र एकच आकाश त्यानें एकाहून अधिक समुद्रांवर बसविलेलें आढळतें. हें वाचल्यापासून त्याचें कौतुक मी जरा जपून करितों.

संगणक हाताशीं आल्यावर ह्या युक्तीस गणिताचें बळ मिळालें. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॉल डेबेवेक आणि मूळचे मथुरेचे जितेंद्र मलिक ह्यांनीं १९९७ सालीं आपली रीति प्रसिद्ध केली. नमुन्यासाठीं त्यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मेमोरियल चर्चचा अंतर्भाग निवडला होता. रंगीत कांचेच्या एका खिडकीमागें थेट सूर्य, आणि खालीं काळोखे कोपरे! जुन्या प्रार्थनामंदिरांत ज्यांनीं सकाळ घालविली आहे त्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. तेथील सोळा चित्रांपैकीं सर्वांत दीर्घ ३० सेकंदांचें, सर्वांत अल्प एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचें, आणि मधलें प्रत्येक मागच्याच्या निम्म्या वेळाचें होतें. जो ठिपका एकाद्या चित्रांत अगदीं पांढरा किंवा अगदीं काळा पडला असेल, त्या ठिपक्यापुरती त्या चित्राची साक्ष जवळजवळ सोडून द्यावयाची. जेथें तो मध्यम तेजानें उमटला असेल त्या साक्षीला अधिक वजन द्यावयाचें. कॅमेऱ्याच्या स्वभावाचा हिशेब एकदां कळला, कीं त्या तेजाला शटर उघडें असलेल्या काळानें भागून मूळ प्रकाश किती होता तें काढतां येतें. तत्त्व त्रैराशिकाइतकें सोपें आहे.

एवढा प्रकाश कागदावर मावत नाहीं, म्हणून तो पुन्हां दाबून बसवावा लागतो. हौशी मंडळींचा तोल जातो तो येथेंच. ढग शिशासारखे होतात, भिंतीचा प्रत्येक पोपडा ओरडूं लागतो. संतांच्या चित्रांत शोभणारें तेजोवलय चिंचेच्या झाडाभोंवतीं पाहिलें कीं मला हसूं आवरत नाहीं.

गेल्या जानेवारींत दहावीच्या वर्गाचें छायाचित्र घेण्याचें काम माझ्याकडे आलें. मुलें व्हरांड्यांत उभीं, पाठीमागें उन्हानें तळपणारें मैदान. आणि मैदान दिसलेंच पाहिजे हा मुलांचा हट्ट. पण छायाचित्र घरीं गेलें कीं आई प्रथम शोधते तें आपल्या लेकराचें तोंड. शेवटच्या रांगेंतील सांवळ्या मुलांचीं तोंडें अशा वेळीं सर्वांआधीं काळोखांत बुडतात, आणि तें मला चालणार नव्हतें. तिपाई रोंवली. भिंगाचें छिद्र तिन्ही वेळां तेंच ठेवलें, कारण तें बदललें कीं कोणत्या अंतरावरचें स्पष्ट दिसावें तेंही बदलतें. मुलांना श्वास रोखावयास सांगितलें आणि सेकंदाचा २५० वा, ६० वा आणि १५ वा भाग अशीं तीन चित्रें भराभर घेतलीं. संगणकावर तीं एकत्र करितांच मैदान आलें, तोंडें आलीं, आणि दुसऱ्या रांगेंतील एका चिरंजीवांना दोन नाकें आलीं! स्वारीनें तिसऱ्या चित्राच्या वेळीं मान वळविली होती. अशा दुहेरी आकृतीस छायाचित्रकार 'भूत' म्हणतात. त्याचें तोंड मीं मधल्या एकाच चित्रांतून घेतलें. तें किंचित् मंद आहे, पण नाक एकच आहे. हल्लींचे पुष्कळ फोन एका दाबांत अनेक चित्रें घेऊन अशी जुळणी धन्याला न विचारतांच करितात.

चित्र फळ्यावर लागलें त्याच आठवड्यांत एक पालक भेटावयास आले. त्यांचा मुलगा त्या दिवशीं तापानें अंथरुणावर होता.

"सर, तीन चित्रांचें एक केलेंत म्हणे. मग चौथें माझ्या मुलाचें घालणें अवघड आहे काय? दहा वर्षें ह्याच शाळेंत शिकला तो."

अवघड मुळींच नव्हतें. अर्ध्या तासाचें काम. मीं म्हटलें, "तिन्ही चित्रें एकाच क्षणाचीं आहेत. त्या क्षणीं तेथें जें नव्हतें तें मीं आणलेलें नाहीं."

"पण मागच्या मुलांचीं तोंडें उजळलींतच ना?"

"तीं अंधारांत होतीं, पण तेथें होतीं."

ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग त्यांनीं विचारलें, "त्याची जागा कोणती असती?" मीं दाखविली: तिसरी रांग, डावीकडून पांचवी.

प्रवेशपत्रें घेण्यासाठीं वर्ग पुन्हां जमला तेव्हां मुलें स्वतःच व्हरांड्यांत रांगा लावून उभीं राहिलीं, आणि पांचव्या जागीं तो मुलगा होता. त्या दिवशीं आभाळ भरून आलें होतें. ऊन आणि सांवली ह्यांत फरकच नव्हता, म्हणून एकाच चित्रांत काम भागलें. मैदान करडें आलें आहे, आणि दोन मुली त्या दिवशीं प्रवासांत होत्या. ह्या अंकांत दोन्ही चित्रें समोरासमोर छापलीं आहेत.