पाच पायऱ्यांची थकबाकी

लग्न झालं की जोडप्यानं जेजुरीला जावं आणि नवऱ्यानं बायकोला उचलून पाच पायऱ्या चढाव्या, असा आमच्याकडचा रिवाज. आमचं लग्न झालं मार्च महिन्यात. बँकेतल्या माणसाला मार्चमध्ये लग्नापुरती रजा मिळाली हाच चमत्कार. खंडोबासाठी जादा दिवस कोण देणार? आई म्हणाली, "जाऊ रे सवडीनं." ती सवड मिळायला एकवीस वर्षं लागली. तोवर आई राहिली नव्हती आणि माझे गुडघेही राहिले नव्हते.

"मुद्दल फेडायचंच आहे," ही म्हणाली, "पण व्याज केवढं चढलंय ते बघून घ्या. मागाहून तक्रार नको."

पुण्याहून दिवेघाट चढून, सासवड ओलांडून गेलो. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. पुरंदरचा हा मुलूख तसा कोरडा. उघडे डोंगर आणि मधूनच एखादी अंजिराची नाहीतर सीताफळाची बाग. मी खिडकीतून निसर्ग बघत होतो असं हिला वाटलं. खरं म्हणजे मी मनातल्या मनात बैठका काढत होतो.

पायथ्याशी नवी जोडपी फुलासारख्या बायका उचलत होती. मी मल्हारीचं नाव घेतलं आणि हिला उचललं. पहिली पायरी श्रद्धेवर गेली, दुसरी अब्रूवर. तिसरीपाशी कमरेत असा काही आवाज झाला की ही आपणहून खाली उतरली.

"राहू द्या. उरलेल्या तीन बाकी दाखवा."

जेजुरीला नवलाख पायऱ्यांचा डोंगर म्हणतात. आकडा कानावर पडला की पडताळून पाहायची आमची खोड! दोघांनी मोजायला सुरुवात केली. अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागलं. म्हाळसा गडावर देवाजवळ आणि बाणाई इथं. मी म्हटलं, "म्हणजे मुख्य शाखा आणि उपशाखा."

"तुम्हाला एक शाखा उचलवत नाही," ही म्हणाली. त्या नादात माझे आकडे चुकले. वर पोचलो तेव्हा दोघांच्या हिशेबात सतरा पायऱ्यांचा फरक! बँकेत एवढ्यावर रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतात.

गडावर सगळं पिवळं. दगड पिवळे, माणसं पिवळी. खाली कऱ्हेचं खोरं. सोमवती अमावस्येला देवाची पालखी तिथंच स्नानाला जाते. पलीकडच्या उंच डोंगरावर कडेपठार, खंडोबाचं जुनं ठाणं. पितळी कासवापाशी हिनं पिशवीतून एक पुरचुंडी काढली. फडकं ओळखीचं वाटलं. आईच्या जुन्या लुगड्याचं.

"लग्नात त्यांनी बांधून दिला होता हा भंडारा. जेजुरीला जाल तेव्हा न्या म्हणाल्या होत्या."

एकवीस वर्षं डब्यात राहून हळदीचा रंग उतरला होता. मला त्याचा पत्ताही नव्हता. हिनं मूठ भरून उधळली, उरलेली माझ्या हातावर ठेवली. "येळकोट" म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज नीट फुटेना. भंडारा घशात गेला असावा.

उतरताना मी त्या तीन पायऱ्यांचा विषय काढला. म्हटलं, सवलत मिळत असेल तर खातं बंदच करून टाकू.

"नको," ही माझ्या दंडाला धरून उतरत म्हणाली. "बाकी असली की माणूस परत येतो."

सोमवारी काउंटरवर दिलेल्या प्रत्येक नोटेला पिवळं बोट उमटत होतं. एकानंही ती बदलून मागितली नाही.