घोड्यांचा रविवार, मोटारींचा रविवार

भाजी आणायला गेले आणि भलतंच काही घेऊन आले, असं माझं लँकेस्टरला झालं.

२०१९ चा उन्हाळा. मुलगा पेनसिल्व्हेनियात नोकरीला. त्याच्याकडे चार महिने राहायला गेले होते. घरापासून अर्ध्या तासावर, एफ्राटा गावाकडे जाताना, शेतकरी आपापल्या दारात टेबल मांडून भाजी विकतात. अशाच एका दारात काळी घोडागाडी उभी होती. "आई, बघ, आमिश," मुलगा म्हणाला. टोमॅटोच्या टोपल्या लावणाऱ्या बाईंनी मान वर केली. मराठी वाक्यातला तेवढा एक शब्द त्यांना कळला होता. "आमिश नाही, मेनोनाइट," त्या शांतपणे म्हणाल्या.

पुण्यात कुणी "बेळगावच्या? म्हणजे कानडी ना तुम्ही?" असं विचारलं की माझं जे होतं, तेच त्या बाईंचं झालं असावं. मी लगेच माफी मागितली. मग त्यांनीच खुणा सांगितल्या. आमिश बायकांचे कपडे एकरंगी, यांच्या झग्यावर बारीक फुलं चालतात. आमिश पुरुष लग्नानंतर दाढी राखतात, यांचे गुळगुळीत. त्या भागातल्या आमिशांची गाडी करड्या रंगाची, यांची काळी. डोक्यावरची पांढरी टोपी मात्र दोघींची.

"मग सगळे मेनोनाइट असेच?" मी विचारलं. बाई हसल्या. त्यांच्या आत्याकडे मोटार होती, पण काळीच. आणि शहरातले मेनोनाइट? "ते तुमच्या मुलासारखे दिसतात."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे गप्प बसवेना. मुलाने ग्रंथालयातून पुस्तकं आणून दिली, आणि उरलेला उन्हाळा त्यातच गेला.

मूळ गोष्ट १५२५ सालची, झुरिकची. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला नको, कळत्या वयात माणसाने स्वतः मागून घ्यावा, एवढंच काही तरुणांचं म्हणणं. पुढे हत्यार धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, हेही त्याला जोडलं गेलं. त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं. मेनो सिमन्स हा फ्रीसलँडचा पाद्री १५३६ मध्ये आपली जुनी मंडळी सोडून यांच्यात आला, आणि पंथाला त्याचं नाव चिकटलं. छळ चुकवत फिरणारे यांतले काही स्विस-जर्मन लोक १७१० मध्ये लँकेस्टरच्या रानात येऊन शेती करू लागले.

इथवर सगळे एकच. पुढची फाटाफूट वाचताना मला सारखी आपल्याकडची देवस्थानं आठवत होती. १८८९ साली तिथल्या एका प्रार्थनाघरात उपदेशकासाठी उंच व्यासपीठ बसवलं. तोवर साध्या टेबलामागे उभं राहून उपदेश चाले. एका रात्री ते व्यासपीठ कुणीतरी काढून टाकलं. कुणी, ते तेव्हा उघड झालं नाही! हसू येतं, पण उपदेशकाने लोकांच्या बरोबरीने उभं राहायचं की चार बोटं वर, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रविवारच्या शाळा, इंग्रजीतले उपदेश, या नव्या चालींवरून कुरबुरी चालूच होत्या. १८९३ मध्ये बिशप जोनास मार्टिन आपल्या माणसांना घेऊन वेगळे झाले. ते जुन्या वळणाचे मेनोनाइट.

मग मोटार आली, आणि १९२७ मध्ये या जुन्यांचेही दोन भाग झाले. बिशप मोझेस हॉर्निंग यांच्या लोकांनी मोटार घेतली. पण मिरवायला नको म्हणून काळी, आणि बंपरचं चकचकीत क्रोमसुद्धा काळं रंगवलेलं. लोक त्यांना 'काळ्या बंपरवाले' म्हणत. जोसेफ वेंगर यांचे लोक घोड्यावरच राहिले. आमच्या टोमॅटोवाल्या बाई या वेंगरांच्या गोटातल्या.

मला सगळ्यांत काय आवडलं असेल तर वाटणीची रीत. काही प्रार्थनाघरं दोघांची होती. ती कुलूप लावून कोर्टात नेली नाहीत. एक रविवार घोडेवाल्यांचा, पुढचा मोटारवाल्यांचा. असं एक घर मुलाने मला दाखवलं. एका बाजूला घोडे बांधायचे लांबच लांब दांडे, दुसरीकडे मोटारींसाठी मोकळी जागा. आत साधे लाकडी बाक; पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. पेटी नाही, पियानो नाही, चित्र नाही. आमच्या भावकीत एक सामाईक विहीर होती. तिचं काय झालं ते इथे न लिहिलेलं बरं.

या लोकांना यंत्राचा विटाळ आहे अशी माझी समजूत होती, ती बाईंनी घालवली. त्यांच्या घरात वीज होती, टेलिफोन होता. शेतात ट्रॅक्टर होता, पण त्याची चाकं लोखंडी. रबरी टायर लावले की ट्रॅक्टर रस्त्यावर पळेल, मग गावात जाईल, मग मोटार कशाला नको? म्हणून लोखंड. टीव्ही आणि संगणक मात्र नाही. हे ठरवतं कोण? उपदेशक वर्षातून दोनदा जमतात, एकेका गोष्टीचा काथ्याकूट करतात आणि मंडळीला विचारून नियम घालतात. नियम सगळ्यांना सारखा. आणि उपदेशकही शिकून आलेला नसतो. जागा रिकामी झाली की लोक नावं सुचवतात, तितकी सारखी पुस्तकं मांडतात, एकात चिठ्ठी ठेवतात. ज्याच्या हाती चिठ्ठीचं पुस्तक येईल तो जन्मभराचा उपदेशक. पगार नाही, सुटका नाही.

शहरातलं मेनोनाइट चर्च पाहायचं राहिलं होतं. मुलाच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंनी बोलावलं. लँकेस्टरच्या त्या चर्चमध्ये जीन्स घातलेली मुलं, पाळक एक स्त्री, रीतसर धर्मशास्त्र शिकून पगारावर नेमलेली. पुढे पियानो. पण एक जुनं स्तोत्र सुरू झालं तेव्हा पियानो थांबला आणि अख्खी सभा चार वेगवेगळ्या सुरांत गाऊ लागली. १९६९ च्या स्तोत्रपुस्तकात त्याचा क्रमांक ६०६ होता. पुढच्या पुस्तकांत क्रमांक बदलला, तरी लोक त्याला ६०६ च म्हणतात. अंगावर काटा आला.

उपासना संपल्यावर त्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "आप बैठिए, चाय पिएँगी?" मी बघतच राहिले. तरुणपणी त्या धमतरीच्या मेनोनाइट इस्पितळात नर्स होत्या. १८९९ मध्ये, दुष्काळात, या पंथाचे लोक धमतरीला पोचले. तेव्हा तो नागपूरच्या मध्य प्रांताचा मुलूख, आता छत्तीसगढ. आलेले सगळे नव्या वळणाचे होते. जुन्या वळणाचे लोक मिशनरी पाठवत नाहीत. दुसऱ्याला उपदेश करत फिरणं त्यांना अहंकाराचं वाटतं.

बाईंनी घरी नेलं. खणातून एक पातळ जाळीची टोपी काढून दाखवली, त्यांच्या आईची. लहानपणी त्यांच्या चर्चमध्येही टोपी सक्तीची होती. १९६० नंतर एकेक बंधन सुटत गेलं. न पटलेले काही १९६८-६९ च्या सुमारास निघून गेले आणि टोपी राखून, टीव्ही वर्ज्य करून वेगळे राहिले. ते मोटारी चालवतात, इंग्रजी बोलतात, पण वळण जुनं. पुढे भांडणाचे विषय बदलले. समलिंगी जोडप्यांना मंडळीत स्थान काय, यावरून २०१५ मध्ये लँकेस्टरच्या मंडळ्यांच्या संघाने राष्ट्रीय संघटना सोडायचं ठरवलं. आणि २०२२ मध्ये त्या संघटनेने असे विवाह लावायला पाळकांना असलेली मनाई उठवली. जुन्यांकडे नियम मंडळी करते. नव्यांकडे ज्याने त्याने आपल्या विवेकाला विचारायचं, आणि विवेक प्रत्येकाचा वेगळा.

मी विचारलं, "तुमच्या आजीची भाषा तुम्हाला येते?" पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात तिला, नाव डच, पण बोली जर्मन. त्या हिंदीत म्हणाल्या, "नहीं. बच्चों से कुछ छिपाना हो, तब दादा-दादी उसमें बोलते थे." छत्तीसगढची हिंदी पन्नास वर्षांनंतर जिभेवर होती, आणि आजीची बोली नव्हती.

घोडेवाल्यांनी मात्र ती राखली. मुलं घरी बोली बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात, प्रार्थनाघरात ग्रंथातली जर्मन ऐकतात. टिळकवाडीत वाढलेल्या मला यात नवल वाटलं नाही. मोटारवाले दोन-तीन पिढ्यांत इंग्रजीवर गेले. घोडा दिवसात जाईल तेवढ्याच अंतरात सोयरीक, शेजार, शेती. तिथे बोली टिकते. हे मला फार पटलं, आणि परतीच्या वाटेवर मी मुलाला ऐकवलंही. तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "आई, मला इंग्रजी शाळेत कोणी घातलं?"

मीच घातलं होतं. मी स्वतः मराठी शाळेत शिकवत होते, आणि सकाळी त्याला टाय बांधून उलट्या दिशेच्या रिक्षात बसवत होते. जुन्या मेनोनाइटांची मुलं आठवीनंतर शाळेत जात नाहीत. त्यांच्यातल्या मुलीला नर्स व्हायचं असेल तर मंडळी सोडावी लागते. खणातली टोपी दाखवणाऱ्या बाई तिकडे जन्मल्या असत्या तर धमतरी त्यांनी पाहिलं नसतं. हे मला कळतं. टाय बांधताना कळत होतंच.

निघायच्या आठवड्यात पुन्हा टोमॅटोला गेलो. नातही बरोबर होती. बाईंची धाकटी मुलगी आईशी त्यांच्या बोलीत काहीतरी हट्ट करत होती. नात टक लावून ऐकत होती. बाईंनी मला विचारलं, "हिला तुमची भाषा येते?"

"समजते," मी म्हणाले.

"माझ्या आत्याची नातवंडंही असंच म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि टोपलीत दोन टोमॅटो जास्तीचे घातले.