जुन्या मोटारीची शुश्रूषा

श्रीमंती थाटाची जुनी मोटार बाजारांत स्वस्त मिळते, हें सर्वांस ठाऊक आहे. ती स्वस्त कां मिळते, हें विकत घेतल्यावर कळतें, असें जाणते लोक मान हालवून सांगतात. आम्हांस तें निम्मेंच खरें वाटतें. मोटारीची किंमत वर्षागणिक उतरते, परंतु तिच्या दुरुस्तीची किंमत उतरत नाहीं. ज्या वर्गासाठीं ती बांधली गेली, त्याच वर्गाच्या ऐपतीस धरून ती राहते. वाडा पडत्या भावानें मिळाला तरी त्याच्या तुळया वाड्याच्याच मापाच्या लागतात, तशांतला हा प्रकार. म्हणून दुसरा किंवा तिसरा धनी लवकरच हात टेकतो आणि गाडी आणखी स्वस्त होते. या हिशेबांत एकच रकम अशी आहे कीं, धन्याच्या मनांत आल्यास ती जवळ जवळ शून्यावर आणतां येते. ती म्हणजे मजुरी. आमच्यासारख्या पगारदार प्राध्यापकास असली गाडी बाळगण्याची वाट सांपडते ती येथेंच.

आमची गाडी मर्सिडीज-बेंझ कंपनीची, डब्ल्यू १२४ या जातीची, ई २२० नांवाची आहे. ही जात जर्मनींत १९८४ च्या अखेरीस बाहेर पडली. कंपनीनें १९९४ सालीं भारतांत शाखा काढली आणि १९९५ पासून पुण्याशेजारीं पिंपरीस, टेल्कोच्या आवारांत, या गाड्या जुळविण्यास आरंभ केला. चाकणचा कारखाना पुढें २००९ सालचा. म्हणजे कूळ परदेशी असलें, तरी आमच्या गाडीचे नट-बोल्ट आवळले गेले ते पवनेचें पाणी प्यालेल्या हातांनीं. गाडी आमच्याकडे आली तेव्हां तिला अठरा वर्षें झालीं होतीं. एका नव्या लहान मोटारीच्या निम्म्याहून कमी किंमतींत ती मिळाली.

या गाडीचें बॉनेट दोन टप्प्यांनीं उघडतें. पहिल्या टप्प्यांत तें इतर गाड्यांप्रमाणें तिरपें राहतें. दुसऱ्यांत तें सरळ काटकोनांत उभें करतां येतें. एवढ्या एका गोष्टीवरून तिच्या कर्त्यांचें मन कळतें, असें आमचें मत आहे. येथें कोणी तरी तासन् तास उभा राहणार, त्याच्या डोक्यास अडथळा होऊं नये आणि त्याला उजेड मिळावा, हें त्यांनीं आधींच गृहीत धरलें होतें. समोरच्या कांचेवर वायपर एकच. पण तो फिरतां फिरतां कोपऱ्यांकडे लांबतो व कांचेचा शेंकडा ८६ भाग पुसून काढतो. दारांचीं कुलुपें हवेच्या ओढीनें लागतात; गाडीस किल्ली लावली कीं चारी दारें हलकाच निःश्वास टाकून मिटतात. या सर्व युक्त्या पाना हातांत घेतल्याखेरीज नीट समजत नाहींत. आमच्या पिढीच्या पदवीधरांस रस्किन वाचतां येतो, श्रमप्रतिष्ठेवर तासभर बोलतांही येतें. परंतु अकरा नंबरचा नट आणि तेरा नंबरचा यांतला फरक नजरेनें ओळखतां येत नाहीं. आम्हांस तो ओळखावयास दोन वर्षें लागलीं.

आतां मुद्द्याचें सांगतों. जुन्या उंची गाडीचें लोखंड मरत नाहीं. मरतें तें रबर. इंजिन, गिअर-बॉक्स, मागचा डिफरन्शियल हीं वेळच्या वेळीं तेल मिळाल्यास लाखों किलोमीटर चालतात. पण या धातूच्या अवयवांमध्यें, त्यांचे धक्के एकमेकांस लागूं नयेत म्हणून, ठिकठिकाणीं रबर बसविलेलें असतें. मागच्या प्रत्येक चाकास धरणारे पांच दांडे आहेत आणि त्या प्रत्येकाच्या टोकांशीं असेंच मऊ कांहीं तरी आहे. गाडी चालली नाहीं तरी हें रबर म्हातारें होतें. ऊन, ओझोन आणि तेलाचे शिंतोडे त्याला पुरेसे होतात. गाडींतला सर्वांत स्वस्त भाग सर्वांत महाग भागाचें रक्षण करीत असतो, आणि तो गेला म्हणजे दोष महाग भागाच्या माथीं येतो.

दोन वर्षांपूर्वीं नेमकें हेंच झालें. क्लच सोडतांना गाडीच्या पोटांतून ‘धप्’ असा आवाज येऊं लागला, आणि वेग ताशीं सत्तर किलोमीटरच्या घरांत गेला कीं आसनाखालीं बारीक थरथर सुरू होई. आमच्या आईस दिवाळींत कोंकणांत न्यावयाचें होतें. तिचें वय त्र्याऐंशीं. जन्मगांवीं जाण्याची ही आपली शेवटची खेप, असें तिनेंच ठरवून टाकलें होतें. म्हणून घाई करून आम्ही गाडी शहरांतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्यें नेली. तेथें कांचेच्या खोलींत बसवून आम्हांस कॉफी देण्यांत आली. एका तरुणानें गाडीस संगणक जोडला. संगणकास कांहींच आढळलें नाहीं. यांत नवल तें काय? रबरास चीर पडली तर ती विजेच्या तारेनें वर्दी देत नाहीं. तरीही गिअर-बॉक्स आणि डिफरन्शियल दोन्ही बदलावे, असा लेखी सल्ला मिळाला, आणि त्याखालचा आंकडा आम्हीं गाडीस मोजलेल्या किंमतीहून मोठा होता. घरीं तो कागद पाहून आमचें कुटुंब म्हणालें, “अहो, एवढ्यांत आईंना विमानानें नेऊन आणतां येईल.” त्या गांवास विमान जात नाहीं, हें उत्तर आम्हीं मनांतच ठेविलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही नाना पेठेंतल्या आमच्या वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं गाडी चालविलीही नाहीं. दोनदां पुढें, दोनदां मागें घ्यावयास लाविली आणि खालीं वाकून ऐकलें. “सर, गिअर-बॉक्सला हात लावूं नका. जॉइंटचं रबर गेलंय. घरीं कराल तुम्ही. मला आतां गाडीखालीं शिरवत नाहीं.”

गिअर-बॉक्सपासून मागच्या चाकांकडे शक्ति नेणारा जो प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांशीं जाड रबराची एक एक चकती असते. तिला सहा भोंकें. तीन बोल्ट एका बाजूस धरतात, तीन दुसऱ्या. आंत सुताचे वेढे असतात आणि सारा ओढा त्यांवर पडतो. कुर्ल्याच्या भंगारांत अशी चकती मिळते. पण म्हातारें रबर काढून दुसरें म्हातारें रबर घालण्यांत अर्थ नव्हता. नव्या दोन मागविल्या. एकीची किंमत आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याहून कमी भरली. शाफ्ट उतरवावयाचाच होता, म्हणून त्याला मध्यावर तोलून धरणारें बेअरिंगही त्याच्या रबरासह नवें घेतलें.

काम दोन रविवार चाललें. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही जाऊं नये. चार लोखंडी घोड्यांवर भार टेकवून, गाडी चारी बाजूंनीं ढकलून पाहून, मगच आंत सरावें. आधीं धुराची नळी आणि तिच्यावरचा पत्रा उतरविला. शाफ्टचे दोन तुकडे कारखान्यांत एकत्र तोललेले असतात. ते सुटण्यापूर्वीं त्यांवर रंगानें खूण केली. ही खूण चुकली तर नव्या रबरासहि थरथर जात नाहीं. बोल्टचें डोकें एका पान्यानें स्थिर धरावयाचें आणि फिरवावयाचा तो नट. उलट केल्यास नवी चकती बसतांनाच पिळवटते. नटही नवेच, कारण आपोआप आवळून राहणारे नट एकदां काढले कीं त्यांची पकड जाते. शाफ्टच्या मध्यावरचा मोठा नट मात्र सर्वांच्या शेवटीं. गाडी चाकांवर उतरवून, हातानें मागें-पुढें लोटून, शाफ्टला आपली लांबी आपण शोधूं द्यावी आणि मग तो आवळावा. हा क्रम पुस्तकांत आहे. त्याचें कारण मिस्त्रींनीं सांगितलें.

सोसायटीचा पहारेकरी मधून मधून वाकून आमच्या पायांशीं बोलत असे. एका शेजाऱ्यानें पगार थकला काय, अशी चौकशी केली.

जुनी पुढची चकती हातांत आली तेव्हां सहांपैकीं तीन भोंकांभोंवतीं सूत उघडें पडलेलें दिसलें. ती वेगांत तुटती, तर ती जड नळी आईच्या आसनाखालीं मोकळी फिरली असती. गिअर-बॉक्स बदलूनही ही चकती तशीच राहिली असती कीं काय, या प्रश्नाचा आम्ही फार विचार केला नाहीं.

सर्वच कामें घरीं करावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. इंजिन उघडणें आणि वेल्डिंग हीं मिस्त्रींच्या शिष्यांकडे जातात. ब्रेकचें तेल हवेंतलें पाणी शोषून घेतें व घाटांत तापून उकळूं शकतें. तें दर दोन वर्षांनीं आम्ही बदलतों, परंतु ब्रेक दुसऱ्या जाणत्या माणसानें तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढीत नाहीं. नोंदणीचीं पंधरा वर्षें केव्हांच सरलीं. तेव्हांपासून दर पांच वर्षांनीं परिवहन कार्यालयांत गाडी दाखवावी लागते, आणि जन्मभर दुसऱ्यांस गुण देणारे आम्ही तेथें उमेदवारांच्या रांगेंत उभे राहतों.

धनत्रयोदशीच्या पहांटे आम्ही ताम्हिणीमार्गें निघालों. मुळशीचें पाणी दिसेपर्यंत आई जागी होती. पुढें घाट संपून आम्ही माणगांवास पोंचलों, तेव्हां तिनें डोळे उघडले, पदर सांवरला आणि घाट आतां केव्हां लागणार, म्हणून विचारलें.