दाढेखालची जागा

महाराष्ट्रात तंबाखूचा विचार बहुधा नगदी पीक, कर किंवा व्यसनमुक्ती या अंगांनी केला जातो. परंतु ती घराच्या आत, एका हातातून दुसऱ्या हातात, मायेच्या वाटेने कशी जाते याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. ही वाट ध्यानात घेतल्याशिवाय, जबड्याखाली गाठ लागूनही माणूस तपासणी का लांबवतो, याचा पुरता उलगडा होत नाही. अज्ञान आणि भीती ही दोन कारणे नेहमी सांगितली जातात व ती खोटी नाहीत. त्यांच्या जोडीला निष्ठा हे तिसरे कारण असते, आणि ते रुग्णाच्या स्वतःच्याही सहसा लक्षात येत नाही.

प्रस्तुत लेखकाला या विषयाकडे वळवणारे निमित्त लहानसे होते. दाढी करताना उजव्या जबड्याच्या कडेखाली हरभऱ्याएवढी गाठ बोटांना लागली, आणि ती दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, असा निर्वाळा घरातल्यांनी देऊन टाकला. वैद्यकाचा अनुभव मात्र जवळजवळ उलटा आहे. दाढेतील पुवामुळे ताजे अवधाण येते, म्हणजे जंतुसंसर्गाने लसिकाग्रंथी सुजते, तेव्हा ती बहुधा दुखते; कर्करोगाच्या पेशी उतरलेली ग्रंथी टणक असते आणि बराच काळ काहीच त्रास देत नाही. तोंडाच्या आतही तोच न्याय लागू होतो. दुखणाऱ्या फोडापेक्षा, दोन-तीन आठवडे उलटूनही न भरणारी आणि न दुखणारी जखम अधिक संशयास्पद मानावी लागते.

लेखकाच्या तोंडात तंबाखू प्रथम आली ती पुडीतून नव्हे, तर आजीच्या तर्जनीवरून. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, वस्त्रगाळ केली की मशेरी तयार होते, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य स्त्रिया तिने दात घासतात. ती भाजली जात असताना घरभर ठसका उठे आणि मुले अंगणात पळत. दाढेच्या कळेने रडणाऱ्या नातवाच्या हिरडीवर आजीने चिमूटभर मशेरी घासली, ‘थुंकी गिळू नको, बाळा’ असे बजावले, आणि डोके गरगरू लागल्यावर ते मांडीवर घेतले. दाढेची कळ खरोखरच थांबली. पुढील सर्व विवेचनाला ही आठवण आडवी येते, कारण तिच्यात दोष देण्याजोगे माणूस सापडत नाही.

मशेरीनंतर नोकरीच्या काळात दुतोंडी डबी आली, जिच्या एका तोंडाशी तंबाखू आणि दुसऱ्या तोंडाशी चुना असतो. चुन्याचे काम केवळ चवीचे नाही: त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे पानातील निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या अस्तरातून वेगाने रक्तात उतरते. मळलेला बार जिथे धरला जातो ती गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच होय, आणि भारतात तोंडाचा कर्करोग याच खाचेत इतक्या वेळा आढळतो की पुढे त्या प्रकाराला देशाचेच नाव चिकटले. बाराची जागा प्रत्येकाची ठरलेली असते. लेखकाची जागा उजवीकडची होती, म्हणजे आजीने मशेरी घासलेली तीच दाढ.

येथे इतिहासाचा एक तुकडा, थोडा अस्थानी वाटला तरी, नोंदवणे आवश्यक आहे. पोर्तुगीजांबरोबर दख्खनेत आलेली तंबाखू मोगल अधिकारी असद बेग याने १६०४च्या सुमारास विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. बादशहाने रत्नजडित नळीतून दोन-चार झुरके घेतले तेव्हा दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, ती अशी की आपल्या जाणत्यांनी पारखून न घेतलेली फिरंग्यांची चाल उचलू नये. असद बेगने वाद घातला आणि तंबाखू दरबारात रुळली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली, जशी महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर घातली. दोन्ही बंद्यांचे पुढे काय झाले हे सर्वविदित आहे. लक्षात राहतो तो हकीम, कारण आधी तपासा असे म्हणणारा तो या कथेतील पहिला माणूस होता आणि त्याचे कोणी ऐकले नाही.

तपासणी तशी साधी असते. शल्यचिकित्सकाने प्रथम तोंड उघडायला लावून रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का ते पाहिले, कारण सुपारीमुळे अस्तराखालील ऊती आवळत जाऊन जबडा उघडेनासा होतो. सबम्यूकस फायब्रोसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे वर्णन १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या बाबतीत केले आणि पुढच्याच वर्षी जोशी यांनी भारतातून केले. नंतर हातमोज्याचे एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून, दोहोंच्या मध्ये गाठ धरून तिचा टणकपणा व हालचाल तपासली गेली. शेवटी गाल बाहेर ओढून आत टॉर्च लावला गेला. गाठीत बारीक सुई घालून पेशी काढल्या, आणि दाढेसमोरच्या गालावर दिसलेल्या पांढुरक्या चट्ट्याचा, भूल देऊन, कडेच्या निरोगी भागासह तांदळाएवढा तुकडा फॉर्मलीनच्या बाटलीत टाकला. सुरी लागली की रोग पसरतो, असे बाह्यरुग्ण विभागातील बाकावरचे लोक एकमेकांना सांगत होते; या समजुतीने जितके लोक परत फिरवले तितके कोणत्याही सुरीने मारले नसतील.

अहवालाने अपेक्षा उलटी केली. गाठ म्हणजे किडलेल्या दाढेच्या जुन्या संसर्गाने वाढलेली ग्रंथी निघाली, आणि ज्याची कोणाला कल्पनाही नव्हती त्या चट्ट्यात पेशींची ठेवण किंचित बिघडू लागलेली आढळली. या अवस्थेला डिसप्लेसिया म्हणतात. ती कर्करोग नव्हे, परंतु तंबाखू सोडून दर काही महिन्यांनी तोंड दाखवत राहणे तिच्यामुळे भाग पडते. याच ठिकाणी लेखकाचा पुडीवरील चित्राविषयीचा राग उघड करावा लागेल. २०१६पासून पुडीचा ८५ टक्के दर्शनी भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण चित्र सहसा फाटलेल्या गालाचे, शेवटल्या अवस्थेचे असते. ते पाहणारा आपले तसे नाही म्हणून निर्धास्त होतो. नखाएवढा पांढरा किंवा त्याहून धोक्याचा लाल चट्टा, जो वेळीच हाताळता येतो, पुडीवर कधी दिसत नाही.

असा चट्टा ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६पासून चाललेल्या पाहणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी हजारो लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले.

आजीच्या तोंडात कधी कोणी पाहिले नाही. ती वयाने गेली असे घरात म्हणतात. अखेरच्या वर्षी तिला भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे आणि घास लहान करावा लागे, हे मात्र कोणी उच्चारत नाही, कारण उच्चारले की त्या तर्जनीवर आरोप केल्यासारखे होते. लेखकाला तपासणीची वाट अवघड झाली ती बहुधा याचमुळे. त्याच बाह्यरुग्ण विभागात, केसपेपर भरताना तंबाखू खाता का असे विचारल्यावर, दात काळे पडलेल्या एका वयस्क बाईने शांतपणे नाही म्हटले, आणि ते खोटेही नव्हते, कारण मशेरी कोणी खात नाही. अशा स्त्रियांना दात कशाने घासता असे विचारले पाहिजे, उत्तर मिळाल्यावर मशेरी लावायला कोणी शिकवले याची चौकशी करू नये, आणि केसपेपर बाजूला ठेवून आधी दोन्ही गाल ओढून पाहावेत.